लॅबमधला 'सपोर्ट' : पोरांच्या कीबोर्डला हात लावायचा की नाही?

लॅबताई | १९ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर सायन्सच्या लॅबला असते. माझं पद काय, हे मलाच धड सांगता येत नाही. ऑर्डरवर एक आहे, हजेरीपटावर दुसरं, पोरं 'मॅडम' म्हणतात आणि शिपाईमामा 'लॅबवाल्या ताई'. एम.एस्सी. झालंय, सेट व्हायचीय. सर वर्गात थिअरी शिकवतात आणि त्या थिअरीचं प्रॅक्टिकलला जे काही होतं ते माझ्या पदरात पडतं. २२ मशीन आहेत, त्यातली १७ चालतात. बॅच २० पोरांची.

आता मुद्दा. दोन आठवड्यांपूर्वी फर्स्ट इयरचं एक पोरगं, जिंतूरकडच्या खेड्यातलं, बारावीपर्यंत मराठी माध्यम. त्याचा सी भाषेतला प्रोग्रॅम आकडा घ्यायचा आणि तिथंच मरायचा. स्कॅनएफ या आकडा वाचून घेणाऱ्या आज्ञेत व्हेरिएबलच्या (आकडा साठवायला दिलेल्या नावाच्या) आधीचं 'अँड'चं चिन्ह (&) राहिलं होतं. शेवटची एसटी पावणेपाचला, पोरांची चुळबुळ सुरू झालेली. मी त्याच्या खांद्यावरून हात घातला, चिन्ह टाकलं, रन केलं, झालं. तो खूश, मी खूश.

परवा तोच पोरगा, तीच चूक. मला बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ते तुमचं चिन्ह तेवढं टाकून द्या ना."

तुमचं चिन्ह! रात्री झोप लागेना मला. तर विचारायचं हेच, की आपण सपोर्टला असतो म्हणजे नेमकं काय करायचं असतं? एरर काढून द्यायची, की काढू द्यायची? कीबोर्डला हात लावायचा की नाही?

सेमीकोलन

"तुमचं चिन्ह" वाचून चहा सांडला. ताई, ते चिन्ह आता तुमच्या नावावर करून घ्या, सातबारावर चढवा.

गोदाकाठचा

ताई, नांदेडला सात वर्षं हेच केलंय, म्हणून लिहितो. हात लावायचा नाही. कधीच नाही. मी तर लॅबमध्ये हात पाठीमागं बांधून फिरायचो. पोरं म्हणायची, सर पीटीच्या तासाला आलेत काय.

त्यामागचं कारण सांगतो. आपल्याला चूक दोन सेकंदांत दिसते, कारण ती आपण हजारदा बघितलेली असते. पोराला दिसत नाही. आपण टाइप केलं की त्याला एवढंच कळतं की सरांनी काहीतरी जादू केली. कुठं बघितलं, काय वाचलं, कशावरून ताडलं, यातलं काहीच त्याच्यापर्यंत जात नाही. आणि शिकायचं तर तेवढंच असतं.

निवृत्त_मास्तर

गोदाकाठचा, बोलायला सोपं आहे. जरा हिशोब करा. प्रॅक्टिकल दोन तासांचं, म्हणजे १२० मिनिटं. पोरं २०. एकेकाच्या वाट्याला ६ मिनिटं. त्यात हजेरी, त्यात "सर माझं मशीन चालू होईना", त्यात जर्नलवर सह्या. आता त्या ६ मिनिटांत तुम्ही पोराला प्रश्न विचारत बसणार, ते छताकडं बघणार, आणि बाकीची १९ मोबाईलवर रील बघणार. मी ३१ वर्षं शिकवलं. पहिल्या महिन्यात मी सरळ दुरुस्त करून द्यायचो. पोराचा पहिला प्रोग्रॅम चालला पाहिजे, पडद्यावर काहीतरी उमटलं पाहिजे. नाहीतर ते पोरगं "हे आपल्याला जमायचं नाही" म्हणून बी.ए.ला निघून जातं. अशी गेलेली बघितलीत मी.

तासिका_तत्त्व

पद काय ते कळेना म्हणालात ना ताई, माझं बघा. माझं पद म्हणजे तासच. तास झाला तर माणूस, नाही झाला तर वाटसरू. दिवाळीची सुट्टी लागली की पगाराचीही सुट्टी. मागल्या वर्षीचं मानधन यंदा पोळ्याच्या तोंडावर मिळालं, बैलाला झूल आणली. (बैल नाही माझ्याकडं. पोराला चप्पल आणली.)

कीबोर्डचं काय ते नंतर बोलतो, आधी मन हलकं केलं.

सेमीकोलन

@तासिका_तत्त्व दादा, तुमचा तास म्हणजे फॉर लूप. अट संपली की बाहेर.

मांजराकाठ

मूळचा लातूर जिल्ह्यातला. आता अमेरिकेत एका विद्यापीठात आहे आणि योगायोग असा की माझं पदच मुळी इन्स्ट्रक्शनल स्पेशालिस्ट, कॉम्प्युटर सायन्सच्या कोर्सेससाठी. म्हणजे ताई जे करतात तेच, फक्त इथं त्याला नाव आहे आणि महिन्याच्या महिन्याला पगार आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्राध्यापक लेक्चर देतात. लेक्चर सोडून जे उरतं ते माझं. असाइनमेंट आधी स्वतः सोडवून बघायची, कारण दरवेळी त्यात एक तरी वाक्य असं निघतं ज्याचे दोन अर्थ होतात. पोरांचा कोड आपोआप तपासणारा प्रोग्रॅम लिहायचा, त्याला आम्ही ऑटोग्रेडर म्हणतो. परीक्षेत ज्या विद्यार्थ्यांना जास्तीचा वेळ मंजूर आहे त्यांची वेगळी सोय बघायची. "माझा अर्धा मार्क का कापला" या अर्जांना उत्तरं द्यायची. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे टीए (टीचिंग असिस्टंट, मदतनीस विद्यार्थी) तयार करायचे. वर्गात पोरं शेकड्यानं असतात, सगळ्यांना मी कुठून पुरणार? मागल्या वर्षी तोच कोर्स पास झालेली पोरंच यंदाच्या पोरांना मदत करतात. स्टॅनफर्डला तर पदवीची पोरंच पहिल्या वर्षाचे छोटे गट चालवतात, ती पद्धत जुनी आहे.

या टीएंना पहिल्या दिवशी पहिला नियम हाच सांगतो : विद्यार्थ्याच्या शेजारी बसा, मागं उभं राहू नका, आणि कीबोर्ड त्याच्याकडंच राहील. मग तीन प्रश्न. तुला काय व्हायला हवं होतं? झालं काय? आणि कुठपर्यंत बरोबर चाललंय याची तुला खात्री आहे? तिसऱ्या प्रश्नावर निम्मी पोरं स्वतःच "अच्छा!" म्हणतात आणि आपण नुसतेच बसून राहतो.

मास्तरांचा ६ मिनिटांचा हिशोब खरा आहे. आमच्याकडंही एका पोरामागं जेमतेम दहा मिनिटं. म्हणून रांगेत नाव लावतानाच प्रश्न लिहायला लावतो. नुसतं "चालत नाही" लिहिलं तर नंबर लागत नाही.

जालन्याची_मोसंबी

हे तीन प्रश्न मी लिहून घेतले. नवऱ्यालाही विचारणार आहे. तुला काय व्हायला हवं होतं? झालं काय?

निवृत्त_मास्तर

मांजराकाठ, तुमच्याकडं टीए आहेत. ताईंकडं शिपाईमामा आहेत.

लॅबताई

मास्तर, मामांना कमी लेखू नका. लाईट गेल्यावर यूपीएस कुठल्या क्रमानं बंद करायचे ते फक्त मामांनाच माहीत आहे. :)

मांजराकाठ दादा, तिसरा प्रश्न आज करून बघितला. पोरगी म्हणाली, "मॅडम, खात्री कशाचीच नाही."

बालाघाट

मी बीडकडचा. आमच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी आहे (सी चा जुना कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम), तोही जुनी डॉस चालवून दाखवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये. हसू नका. निळा पडदा दिसला की बाहेरून आलेल्या परीक्षकांनाही माहेरी आल्यासारखं वाटतं.

एक प्रसंग सांगतो, धाग्याला धरूनच आहे. फॅक्टोरिअलचा प्रोग्रॅम, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार. एका पोरीनं एकदम बरोबर लिहिला. ५ टाकलं, १२० आलं. ७ टाकलं, ५०४० आलं. ८ टाकलं आणि उत्तर आलं उणे २५२१६. ती घाबरली. मला म्हणाली, "सर, मशीन बिघडलं, मी काहीच केलं नाही."

माझ्या जिभेवर आलं होतं की इन्ट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) सोड, जास्त जागेचा लाँग इन्ट घे, जा. पण त्या दिवशी लाईट जायची वेळ झाली नव्हती आणि मला घाईही नव्हती. म्हटलं, आठचं फॅक्टोरिअल वहीत काढ. तिनं काढलं, ४०३२०. म्हटलं, आता यातून ६५५३६ वजा कर. केलं. वहीत उणे २५२१६ आलं, पडद्यावर उणे २५२१६. ती नुसती एकदा वहीकडं आणि एकदा पडद्याकडं बघत राहिली.

मग म्हणाली, "म्हणजे हे चुकलेलं नाही सर, हे गोल फिरून आलंय."

टर्बो सी मध्ये इन्ट १६ बिटांचा, ३२७६७ च्या पुढं जागाच नाही. घड्याळात बारानंतर एक येतो तसं. पण 'गोल फिरून आलंय' हे तिचं तिनं म्हटलं. मी सांगितलं असतं तर जर्नलमध्ये एक ओळ झाली असती आणि बस्स.

सेमीकोलन

मी आत्ता हिशोब मांडला. टर्बो सी मध्ये १७ टाकलं तर उणे ३२७६८, आणि १८ पासून पुढं कितीही टाका, शून्य. प्रत्येक सम आकडा एक तरी दोनाचा अवयव घालतो, आणि १८ पर्यंत येता येता बरोब्बर सोळा 'दोन' जमा होतात. त्यानंतर खालच्या १६ बिटांत काही उरतच नाही.

१८ पासून पुढं सगळं शून्य. तासिका_तत्त्व दादांच्या पासबुकासारखं.

तासिका_तत्त्व

माझं उणे २५२१६ वरच थांबलंय. घरकर्ज.

काटेकोर

दुरुस्ती : सी च्या मानकाप्रमाणे साइन्ड इन्टची (उणे आकडेही घेणाऱ्या इन्टची) मर्यादा ओलांडल्यावर काय व्हावं हे ठरवून दिलेलंच नाही. 'गोल फिरतं' हे बहुतेक वेळा दिसतं, नियम नाही. दुसरं, जीसीसी या सी च्या नव्या कंपायलरवर इन्ट ३२ बिटांचा असल्यानं १२ पर्यंत ठीक, १३ ला गडबड. तिथं उत्तर १९३२०५३५०४ येतं, म्हणजे उणे नसतं, त्यामुळं पोरं ते बरोबरच धरतात. ते जास्त धोकादायक. तिसरं, लॅबताई, कंपाइल करताना सगळ्या वॉर्निंग चालू ठेवा. ते 'तुमचं चिन्ह' विसरलं की जीसीसी स्वतः सांगतं.

लॅबताई

काटेकोर सर, सांगतं हो. पण इंग्रजीत सांगतं. आणि लाल अक्षरं दिसली की पोरं डोळे मिटतात. मी एकदा विचारलं, "काय लिहिलंय ते वाच की." तर म्हणे, "मॅडम, एरर आलीय असं लिहिलंय."

खामनदी

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. संभाजीनगरला लॅबला आहे, तिथं एक भिंत ठेवलीय, 'चुकांचा फळा'. डाव्या बाजूला एररचं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं, उजव्या बाजूला पोरांच्याच भाषेत त्याचा अर्थ. ज्याला ती एरर पहिल्यांदा सापडली त्याचं नाव खाली. टर्बो सी मध्ये 'स्टेटमेंट मिसिंग' यायचं, त्यापुढं एकानं लिहिलं होतं : "वरच्या ओळीचं शेपूट राहिलं." वरच्या ओळीचं, हे महत्त्वाचं! सेमीकोलन सातव्या ओळीत विसरलेला असतो आणि बोट आठव्या ओळीवर दाखवलेलं असतं. पोरं आठवी ओळ घासून घासून झिजवतात.

आणि मास्तर, तुमच्या ६ मिनिटांचं उत्तरही त्यातच आहे. २० पोरांच्या २० चुका नसतात. एकाच तासाला १२ जण एकच चूक करतात. तिसऱ्या पोराकडं तीच दिसली की मी सगळ्यांचे हात थांबवते आणि फळ्याकडं जाते. उरलेल्या दहा जणांची दहा सक साठ मिनिटं वाचली.

निवृत्त_मास्तर

हे मात्र पटलं. फळा हे आपलं हत्यार आहे, ते आपणच टाकून दिलं. प्रोजेक्टर आला आणि खडूची सवय गेली.

हुरडा_पार्टी

भाषेचं निघालंच आहे तर, आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत. आवाज मराठी, पडदा इंग्रजी. दहाएक मिनिटांचा तुकडा असतो, शेजारी प्रोग्रॅम उघडून बघत बघत करायचं. सी आणि लिनक्स मी त्यावरच शिकलो, उमरग्यात, नेट कॅफेत बसून.

आणि एक गंमत. पायथॉन ३ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. 'बेरीज' असं नाव द्या, चालतं. मोबाईलवर मराठी कीबोर्ड लावून आकडा मागितल्यावर १२ टाका, इन्ट त्याचा बरोबर बारा करतो. पण कोडमध्ये थेट मराठी १२ लिहिलं की लगेच सिंटॅक्स एरर. एका पोरानं मला विचारलं, "सर, त्याला मराठी बोललेलं कळतं आणि लिहिलेलं कळत नाही का?"

काटेकोर

त्यालाच 'मराठवाडा' या शब्दाची लांबी मोजायला सांगा. आपण पाच अक्षरं म्हणतो, पायथॉन आठ सांगतो. काने वेगळे मोजतो.

जालन्याची_मोसंबी

पायथॉन बरोबरच सांगतंय, मराठवाडा जिल्ह्यांनी आठच आहे.

लातूरकर_९८

मी जरा उलटं बोलणार आहे. सगळे समजून घेण्याच्या गोष्टी करायलेत, पण आम्ही लातूर पॅटर्नमध्ये वाढलो. पहाटेपासून पेपर सोडवायचे, तोच प्रश्न पन्नासदा. लोक नावं ठेवतात, पण त्यानं हाताला वळण लागतं हेही खरं आहे. सी मध्येही 'अँड' वीसदा लिहिलं की विसरत नाही. पाढे समजून पाठ केले होते का कुणी?

गोदाकाठचा

@लातूरकर_९८ भाऊ, सरावाला कोण नाही म्हणायलंय? पण सराव पोराच्या हातानं व्हायला पाहिजे की नाही? इथं तर ताईंच्या हाताला सराव व्हायलाय.

लातूरकर_९८

हां, ते मान्य.

मांजराकाठ

सराव आणि समज यांच्या मधली एक चीज सांगतो. पार्सन्स प्रॉब्लेम. न्यूझीलंडच्या दोघी शिक्षिकांनी, डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन, २००६ मध्ये मांडला. बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी सुट्या करून उलटसुलट द्यायच्या, पोरानं नीट क्रमानं लावायच्या. टाइप काहीच करायचं नाही, त्यामुळं सेमीकोलनची कटकट नाही, डोकं फक्त 'आधी काय, मग काय' यात लागतं. हवी तर एखादी ओळ फसवी टाकायची.

आमच्याकडं ते स्क्रीनवर असतं. तुम्ही कागदाच्या पट्ट्या कापा. लाईट गेली तरी चालतं.

बालाघाट

लाईटवरून आठवलं. मी शिकायला होतो तेव्हा भारनियमन असं की पोरं प्रोग्रॅम वहीत लिहून तयार ठेवायची आणि लाईट आली की लॅबकडं पळायची, विहिरीवर मोटार चालू करायला पळतात तशी. एकाच दमात टाइप करून सेव्ह करायचं. तेव्हाची पोरं कोड कागदावर चालवून बघायची, कारण दुसरा इलाजच नव्हता. भारनियमन परत या असं म्हणत नाही, पण कागदावर चालवून बघायची ती सवय चांगली होती.

खामनदी

+१. आणि कागदावर चालवताना व्हेरिएबलला 'डबा' म्हणू नका, हा माझा हट्ट आहे. पुस्तकात सगळीकडं डब्याचं चित्र असतं. पोरांना वाटतं, डब्यात आधी ५ टाकले, मग ७ टाकले, आता आत दोन्ही आहेत. एका पोरानं उत्तर १२ सांगितलं होतं, बेरीज करून! मी 'पाटी' म्हणते. पाटीवर नवं लिहायचं तर जुनं पुसावंच लागतं. 'ए बरोबर ए अधिक एक' हे गणितात खोटं आहे म्हणून अडून बसलेल्या पोरालाही पाटी लगेच कळते : पाटीवरचं वाच, त्यात एक मिळव, पुस, नवं लिही.

सेमीकोलन

पाटी भारी आहे. 'अँड'साठी पण सुचवा काहीतरी.

खामनदी

पोस्टमन. स्कॅनएफ हा पोस्टमन, त्याला घराचा पत्ता लागतो. तुम्ही पत्त्याऐवजी घरातलं सामानच हातात दिलं, तो कुठं नेऊन टाकणार?

जालन्याची_मोसंबी

आमच्या पोरांनी पोस्टमन बघितलाय कुठं. कुरिअरवाला म्हणा. "ताई, लोकेशन टाका." ते लोकेशन म्हणजे 'अँड'.

लॅबताई

मोसंबीताई, हे मी उद्याच वापरते.

एक_वाचक

तुम्ही सगळे कीबोर्डला हात लावायचा की नाही यावर भांडताय. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये मला कुणी हाकच मारत नाही. पोरं फोटो काढतात, उत्तर उतरवतात. तो तर कायमचाच कीबोर्डला हात लावून बसलाय.

तासिका_तत्त्व

आता कीबोर्डवर बोलतो. आमच्याकडं नकलेला मशीन लागत नाही. मागल्या सेमिस्टरला ११ जर्नलांमध्ये आउटपुटला एकच नाव आणि एकच रोल नंबर, ज्याचं मूळ होतं त्याचा. पोरांनी त्याचं नावही इमानदारीनं उतरवलं.

मांजराकाठ

@तासिका_तत्त्व 😂 नकला पकडायला ॲलेक्स आयकेन या प्राध्यापकांनी, बर्कलीला असताना, १९९४ मध्ये मॉस नावाची प्रणाली केली. व्हेरिएबलची नावं बदलली, रिकाम्या ओळी घातल्या तरी ती ओळखते. पण तुमच्या ११ जर्नलांसमोर ती राजीनामा देईल.

@एक_वाचक, तुमचा मुद्दा गंभीर आहे. आम्ही एकच गोष्ट वाढवलीय, ती म्हणजे बोलणं. कोड कुठूनही आण, माझ्यासमोर बस आणि एक ओळ बदलून दाखव. 'आता हे चढत्याऐवजी उतरत्या क्रमानं कर.' कीबोर्ड अर्थातच त्याच्याकडं.

ऑटोग्रेडरचीही एक खोड सांगतो. सुरुवातीला कितीही वेळा सबमिट करायची मुभा होती. पोरं विचार न करता एक चिन्ह बदलून बटण दाबायची, परत बदलून परत दाबायची, जत्रेतल्या रिंगा फेकल्यासारखं. मग सबमिशनवर मर्यादा घातली. म्हणजे मशीननं फुकट मदत केली तरी तोच घोळ होतो.

निवृत्त_मास्तर

व्हायव्हा म्हणतात त्याला. आम्ही आधीपासून घेतो. फक्त आमच्या व्हायव्हात "पॉइंटरची व्याख्या सांगा" एवढंच असायचं, ते चुकलंच.

गोदाकाठचा

मास्तरांनी चूक कबूल केली, स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

उंबरठा

थोडं विषयांतर. लॅब सपोर्टचं निम्मं काम शिकवण्याचं नसतंच. मागल्या आठवड्यात चार मशीनवर नेट सुरू पण एकही साइट उघडेना. सगळे राउटर चालू-बंद करून थकले. शेवटी कोपऱ्यात बघितलं तर तारीख १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा सेल मेला होता, सीआर२०३२, तीन व्होल्टची टिकली. लाईट गेली की मशीन जन्मतारखेवर जायचं, आणि तारीख चुकली की ब्राउझरला सगळ्या साइटची प्रमाणपत्रं खोटी वाटतात. सेल बदलले, गाडं चालू. याचं शिकवण्यात मोजमाप कुठं होतं? कुठंच नाही.

लॅबताई

उंबरठा, माझ्या १७ चालणाऱ्या मशीनपैकी ३ रोज सकाळी २००२ मध्ये असतात. आता कळलं!!

बालाघाट

एक शेवटची युक्ती देतो. परदेशात एका विद्यापीठाच्या मदतकक्षाशेजारी म्हणे टेडी बेअर ठेवलेलं असायचं. आधी अस्वलाला अडचण सांगायची, मगच माणसाला. सांगता सांगताच चूक सापडते. आम्ही अस्वल नाही ठेवलं, पोळ्याचा मातीचा बैल ठेवलाय.

सेमीकोलन

म्हणजे गीता वाचायची सोय झाली. 😄

लॅबताई | १७ सप्टेंबर, दुपारी १२:१५

आज मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदन करून आले. लॅबला सुट्टी, म्हणून निवांत लिहितेय. महिना झाला धाग्याला.

बैल ठेवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारात निम्म्या किमतीत मिळाला. पहिले चार दिवस पोरं लाजली. पाचव्या दिवशी एक पोरगी खरंच बैलाला सांगू लागली, "बघ, मी आय (i) शून्यापासून सुरू केला, पाचपेक्षा लहान किंवा बरोबर म्हटलं, म्हणजे शून्य, एक, दोन..." बोटं मोजली, सहा निघाली, आणि "अय्या" म्हणून परत गेली. मी खुर्चीतून उठलेही नव्हते.

चुकांचा फळा सुरू केला. नऊ ओळी झाल्यात. पट्ट्या कापल्या, त्या मामांनी कचरा समजून झाडून टाकल्या, परत कापल्या. सेल बदलायचा अर्ज दिलाय, 'पाहून कळवू' असा शेरा आलाय. शेवटी तीन सेल मीच आणले.

मास्तर, तुमचंही थोडं घेतलंय. पहिल्या दोन प्रॅक्टिकलना कुणी अगदी रडकुंडीला आलं तर मी हात लावते, पण मग माझं पुसायचं आणि त्यानं परत टाइप करायचं. बाकी वेळी हात पाठीमागं. पहिले काही दिवस बोटं शिवशिवायची. एकदा तर माझ्याच नकळत हात पुढं गेला आणि पोरगीच म्हणाली, "मॅडम, थांबा."

आणि तो जिंतूरकडचा. कुरिअरवाला सांगितला त्याला. गेल्या आठवड्यात त्याच्या शेजारच्या पोराचा प्रोग्रॅम मेला. मी मागं उभी होते, त्याला माहीत नव्हतं. तो शेजाऱ्याला म्हणाला, "कामून पडायलंय माहितीय का? लोकेशन टाकलं नाहीस तू." आणि सरळ हात घालून त्याच्या कीबोर्डवर चिन्ह टाकून दिलं.

आता याला काय सांगू?

गोदाकाठचा

😂😂 ताई, तुमचा पहिला टीए तयार झाला. आता त्याला हात पाठीमागं बांधायला शिकवा.

मांजराकाठ

शिकवाच. आमच्या नव्या टीएंची पहिल्या आठवड्यातली चूक नेमकी हीच असते.

निवृत्त_मास्तर

त्याला शाबासकी आधी द्या. नियम नंतर.

सेमीकोलन

बैल कसाय?

लॅबताई

एक शिंग मोडलंय. कुणी मोडलं ते कुणी सांगेना. मामा म्हणतात फेविक्विकनं बसवतो.